न्यूयॉर्कमधला इटालियन मास्तर

यंदा माझ्या मराठीच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात सात विद्यार्थी आहेत. त्यांतले दोघे खेड्यावरून बसने येतात, त्यामुळे पावसाळ्यात वर्ग पाचांचाच भरतो. शेजारच्या खोलीत कन्नडचे सर शिकवतात. त्यांच्याकडेही फार गर्दी आहे असे नाही. मधल्या सुटीत चहा घेताना आम्ही एकमेकांच्या हजेरीपटाची चौकशी करतो आणि गप्प बसतो. मासिकाच्या संपादक मंडळाने मजकडे लेख मागितला, तेव्हा या सात नावांमुळेच असेल, मला एका प्राध्यापकाची आठवण झाली. त्याच्या वर्गात पुढे पुढे एकही विद्यार्थी उरला नव्हता, आणि त्याला पगार तर कधीच नव्हता. नेमणूक झाली तेव्हा तो ७६ वर्षांचा होता. त्याचे नाव लोरेंझो दा पोन्ते.

हे नाव मी प्रथम वाचले ते एका जुन्या रेकॉर्डच्या वेष्टनावर. मोझार्टचे नाव वर ठळक अक्षरांत होते, गायकांची नावे त्याखाली, आणि सर्वांत शेवटी, चष्मा लावून वाचावे लागेल इतक्या बारीक टाइपात, ज्याने ते नाटक लिहिले त्याचे. संगीत नाटकावर वाढलेल्या माणसाला हे खटकते. देवलांचे नाव असे कोपऱ्यात छापलेले आपण सहन केले असते काय? मग मी त्या माणसाच्या मागे लागलो. अजून लागलेलाच आहे.

त्याचे मूळ नाव इमानुएले कोनेल्यानो. व्हेनिसच्या राज्यातील चेनेदा या गावी १० मार्च १७४९ रोजी एका यहुदी कुटुंबात तो जन्मला. पाच वर्षांचा असताना आई गेली. पुढे वडिलांना एका ख्रिस्ती मुलीशी लग्न करायचे होते, म्हणून १७६३ मध्ये बापासह सर्व मुलांचा बाप्तिस्मा झाला आणि ज्या बिशपने तो दिला त्याचेच नाव थोरल्या मुलाला मिळाले. चौदा वर्षांचा होईपर्यंत आपल्याला इटालियन धड लिहिता येत नव्हते, असे तो आत्मचरित्रात सांगतो. आत्मचरित्रात तो पुष्कळ काही सांगतो आणि त्यातले सगळेच खरे मानू नये. पण एवढे मात्र मला खरे वाटते, कारण पुढे जन्मभर या माणसाने त्या भाषेला असे काही कवटाळले की ती उशिरा हाती लागली असावी, यात शंका राहत नाही.

तो पाद्री झाला, पण पाद्र्याला शोभेसे वागला नाही. बायका, जुगार आणि सरकारविरुद्धच्या कविता यांपायी १७७९ साली व्हेनिसने त्याला पंधरा वर्षांसाठी हद्दपार केले. फिरत फिरत तो व्हिएन्नाला पोहोचला आणि १७८३ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफच्या इटालियन नाट्यगृहाचा कवी झाला. तिथे त्याची मोझार्टशी गाठ पडली. १७८६ साली ‘फिगारोचा विवाह’, १७८७ साली प्राग शहरात ‘दोन जोव्हान्नी’ आणि १७९० साली ‘कोसी फान तुत्ते’ ही तीन नाटके या जोडीने दिली. ‘फिगारो’चे मूळ फ्रेंच नाटक व्हिएन्नाच्या रंगभूमीवर करायला सम्राटाची मनाई होती. त्यातला राजकारणाचा तिखटपणा काढून टाकून, पण नोकराची धन्यावरची मात मात्र जशीच्या तशी ठेवून दा पोन्तेने ते ऑपेरात आणले. १७८७ मध्ये तर तो एकाच वेळी तीन निरनिराळ्या संगीतकारांसाठी तीन नाटके लिहीत होता. टेबलावर एका बाजूला टोकाय मदिरेची बाटली, दुसऱ्या बाजूला तपकीर आणि हाकेच्या अंतरावर घरमालकिणीची सोळा वर्षांची मुलगी, असे त्याने स्वतःच वर्णन केले आहे. त्याचा हा भाग विद्यार्थ्यांनी अनुकरणीय मानू नये.

या नाटकांच्या जातीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. इटालियन विनोदी ऑपेराला ऑपेरा बुफ्फा म्हणतात. आपल्या संगीत नाटकात पात्रे गद्यात बोलतात आणि मध्येच पद म्हणतात. ऑपेरा बुफ्फात गद्य नाही. साधे बोलणेही तालसुराच्या बेताने, जवळजवळ गात गातच चालते आणि त्याला मागून एखाद्या वाद्याची साथ असते. देवादिकांच्या जागी तिथे न्हावी, मोलकरणी, म्हातारे लोभी पालक आणि उनाड सरदार येतात. शब्द भराभर उडतात. कोण कोणाला काय म्हणाले हे त्या क्षणी कळले नाही, तर हसू येत नाही. गंभीर ऑपेरात भाषा कळली नाही तरी दुःख कळते. विनोदाला तशी सवलत नाही.

१७९० मध्ये सम्राट जोसेफ वारला आणि पुढच्याच वर्षी दा पोन्तेची नोकरी गेली. त्रिएस्तला नॅन्सी ग्राल नावाची, त्याच्याहून वीस वर्षांनी लहान मुलगी त्याला भेटली. तिच्याशी त्याने जन्माची गाठ बांधली. पुढची लंडनमधली बारा-तेरा वर्षे मी थोडक्यात आटोपतो, कारण ती कर्जाची आहेत. लंडनला निघताना जुना मित्र कासानोव्हा याने त्याला बजावले होते की कुणाच्या हुंडीवर सही करू नकोस. दा पोन्तेने नाट्यगृहाच्या मालकासाठी सह्या केल्या. तीन महिन्यांत आपल्याला तीस वेळा अटक झाली, असे तो लिहितो. शेवटी नॅन्सी चार मुलांना घेऊन अमेरिकेत आपल्या माहेरच्या माणसांकडे गेली आणि १८०५ मध्ये सावकारांना चुकवून तोही तिच्या मागोमाग जहाजात बसला. ४ जूनला फिलाडेल्फियाला उतरला तेव्हा तो ५६ वर्षांचा होता.

अमेरिकेत त्याने काय केले? किराणा दुकान टाकले. मोझार्टसाठी ‘दोन जोव्हान्नी’ लिहिणारा हात आता चांभाराला आणि गाडीवानाला चहा-तंबाखू तोलून देत होता. त्याला स्वतःलाही याचे हसू येत असे. हिशेबात तो कच्चा होता आणि माणसांवर विश्वास ठेवण्यात त्याहून कच्चा. दुकान बसले. १८०७ साली न्यूयॉर्कच्या एका पुस्तकाच्या दुकानात तो इटालियन साहित्याविषयी कुणाशी तरी वाद घालीत असता क्लेमेंट मूर नावाचा तरुण विद्वान तिथे होता. नाताळच्या म्हाताऱ्याची प्रसिद्ध कविता पुढे ज्याच्या नावावर छापली गेली तोच हा मूर. त्याचे वडील बिशप होते आणि कोलंबिया कॉलेजचे अध्यक्षही. मूरच्या ओळखीने शहरातल्या चांगल्या घरांतली मुले-मुली दा पोन्तेकडे इटालियन शिकायला येऊ लागली, आणि मास्तरकीत मात्र त्याला यश आले. तो व्याकरण घोकून घेत नसे. पहिल्या काही दिवसांतच दान्ते आणि तास्सो हातात देई, मुलांकडून छोटी नाटके करवून घेई आणि नॅन्सीच्या हातचे जेवण जेवू घाली.

मध्ये पेन्सिल्व्हेनियातील सनबरी या गावी सात वर्षे पुन्हा दुकानदारी, पुन्हा तोटा. १८१९ मध्ये तो न्यूयॉर्कला परतला तो कायमचा.

आता १८२५ सालाकडे येऊ, कारण त्याच्या अमेरिकेतल्या आयुष्याचे सार या एका सालात आहे.

त्यापूर्वी न्यूयॉर्कने इटालियन ऑपेरा ऐकला नव्हता असे नाही, पण तो इंग्रजीत. रोस्सिनीचा ‘सेव्हिलचा न्हावी’ १८१९ मध्ये पार्क थिएटरात झाला, मोझार्टचा ‘फिगारो’ १८२४ मध्ये. मात्र हे प्रयोग लंडनहून आलेल्या कापलेल्या, जोडलेल्या इंग्रजी आवृत्त्यांचे. गात बोलणे काढून गद्य घातलेले, अवघड गाणी गाळून तिथे दुसऱ्याच चाली भरलेल्या. दा पोन्तेचे नाव त्यात कुठून असणार?

१८२५ च्या शरद ऋतूत दोमिनिक लिंच नावाच्या मद्यव्यापाऱ्याच्या खटपटीने मानुएल गार्सिया हा स्पॅनिश गायक आपला कुटुंबकबिला घेऊन न्यूयॉर्कला आला. १८१६ साली रोममध्ये ‘न्हाव्या’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा सरदार आल्माव्हिव्हाची भूमिका याच गार्सियाने केली होती. सांगतात की एक म्हातारा त्याला भेटायला आला आणि मी ‘दोन जोव्हान्नी’चा कवी, असे त्याने सांगितले, तेव्हा गार्सियाने त्याला मिठी मारली आणि त्याच नाटकातले मदिरेचे गाणे म्हणत त्याला खोलीभर नाचवले.

२९ नोव्हेंबर १८२५ रोजी पार्क थिएटरात ‘सेव्हिलचा न्हावी’ मूळ इटालियनमध्ये झाला. न्यूयॉर्कमध्ये संपूर्ण ऑपेरा त्याच्या मूळ इटालियन भाषेत होण्याची ही पहिली वेळ. बॉक्सच्या जागेला दोन डॉलर, खालच्या जमिनीवर एक, वरच्या गॅलरीत पंचवीस सेंट. नेपोलियनचा थोरला भाऊ जोसेफ बोनापार्ट आणि कादंबरीकार फेनिमोर कूपर प्रेक्षकांत होते. बाप आल्माव्हिव्हा, वीस वर्षांचा मुलगा मानुएल न्हावी, सतरा वर्षांची मुलगी मारिया नायिका रोझिना. वर्तमानपत्रांना काय लिहावे हेच प्रथम सुचेना, इतका तो प्रकार नवा होता. मग मात्र मारियाच्या गळ्याची, तिच्या डोळ्यांची आणि हालचालींची स्तुती सुरू झाली. पुढे मालिब्रान या आडनावाने जिने सारे युरोप वेडे केले ती हीच मारिया. पण त्याच परीक्षणांतून कुरकुरही ऐकू येऊ लागली. माणसे साध्या निरोपालाही गाऊन उत्तर का देतात? सबंध संध्याकाळ परक्या भाषेत का काढायची? आठ-दहा महिन्यांत सुमारे ऐंशी प्रयोग झाले. सुरुवातीची झुंबड मात्र टिकली नाही. चाली आवडल्या, गळा आवडला, वेष आवडले. शब्दांविषयी कुणी अवाक्षर काढले नाही.

आपले नाटक अमेरिकेत व्हावे, म्हणून दा पोन्तेने गार्सियाची पाठ सोडली नाही. दोन ओत्ताव्हियोच्या भूमिकेला गायक नव्हता. तो त्याने शोधून आणला, आणि त्याचे पैसे स्वतःच्या व शिष्यमित्रांच्या खिशातून दिले. २३ मे १८२६ रोजी पार्क थिएटरात ‘दोन जोव्हान्नी’ झाला. पहिल्या अंकाच्या शेवटी गायक एकीकडे आणि वाद्ये दुसरीकडे असा गोंधळ उडाला, तेव्हा गार्सियाने हातातली तलवार परजून सर्वांना थांबवले आणि तो भाग पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावला, अशी आठवण सांगतात. मोझार्ट जाऊन पस्तीस वर्षे होत आली होती. कवी प्रेक्षकांत बसून आपले शब्द ऐकत होता.

पण ते इतर कोण ऐकत होते? या नाटकात एक प्रसंग आहे. दोन जोव्हान्नीने टाकलेली एक स्त्री त्याच्या शोधात येते. धनी पळ काढतो आणि नोकर लेपोरेल्लो तिचे सांत्वन करायचे म्हणून एक वही उघडतो. धन्याच्या प्रेमप्रकरणांची ती खतावणी. देशवार आकडे आहेत: इटलीत ६४०, जर्मनीत २३१, फ्रान्समध्ये १००, तुर्कस्तानात ९१ आणि स्पेनमध्ये १००३. एखादा कारकून जमाखर्च वाचून दाखवतो तसा तो हे एका दुखावलेल्या बाईला वाचून दाखवतो. आकडे ज्याला कळले नाहीत, त्याला इथे एक जाड आवाजाचा गायक कागद हलवीत गातो आहे, एवढेच दिसणार.

मला याची थोडी कल्पना आहे. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत कन्नड नाटक कंपनीचा तंबू पडायचा. मला तेव्हा कन्नड बेताबाताचेच येई. सगळा तंबू हसायचा आणि मी शेजारच्या मित्राकडे पाहायचो. तो कानात सांगायचा आणि मग मी एकटाच, सगळ्यांच्या मागून हसायचो. पुढे भाषा आली आणि लोकांबरोबर हसू लागलो, तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. पार्क थिएटरात कानात सांगणारेच कुणी नव्हते.

दा पोन्तेने ते काम अंगावर घेतले. ‘दोन जोव्हान्नी’ची संहिता त्याने इंग्रजी भाषांतरासह छापून घेतली आणि विकली. बरीच खपली असावी, कारण त्या पैशाची सोडत-तिकिटे घेऊन आपण पाचशे डॉलर जिंकले, असे तो सांगतो. १८२५ मध्येच कोलंबिया कॉलेजने त्याला इटालियनचा प्राध्यापक नेमले. पगार नाही, मुलांकडून फी घ्यावी, अशी अट. पहिल्या वर्षी २८ विद्यार्थी आले. ऑपेराचा हंगाम चालू होता, शहरात इटालियनची हवा होती. गार्सिया मंडळी १८२६ मध्ये मेक्सिकोला निघून गेली आणि विद्यार्थीही ओसरले. विषय ऐच्छिक, परीक्षेत उपयोग नाही, मग कोण घेणार? पुढे वर्ग रिकामा झाला. पद मात्र मरेपर्यंत त्याच्याकडे राहिले. विद्यार्थी नाहीत आणि वेतनही नाही, असा प्राध्यापक दुसरा दाखवा, अशा अर्थाची थट्टा त्याने स्वतःच केली आहे. ती वाचून मी हसलो, आणि मग माझा हजेरीपट आठवला.

त्याचे निदान एकच होते: भाषा रुजायची तर नाट्यगृह चालले पाहिजे आणि नाट्यगृह चालायचे तर भाषा रुजली पाहिजे. हे चक्र एकट्याने फिरवायला तो निघाला, तेही ऐंशीच्या उंबरठ्यावर. १८३० मध्ये त्याने आपली पुतणी जुलिया हिला इटलीहून गाण्यासाठी बोलावले. पोरगी रंगमंचावर बुजली, नाव झाले नाही. १८३१ च्या शेवटी नॅन्सी वारली. पुढच्या वर्षी मोंत्रेसोर नावाच्या गायकाची मंडळी त्याच्याच खटपटीने आली. शहरात त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ होऊन गेली होती. रिचमंड हिल नावाच्या थिएटरात, जे पूर्वी उपराष्ट्राध्यक्ष आरन बर याचे राहते घर होते, ६ ऑक्टोबर १८३२ रोजी रोस्सिनीच्या ‘ला चेनेरेंतोला’ने, म्हणजे सिंड्रेलाच्या गोष्टीने, आरंभ झाला. पस्तीसएक प्रयोग झाले, कंपनी बुडाली आणि तिच्याबरोबर दा पोन्तेचे पैसेही.

एवढ्यावर कोणीही थांबला असता. हा श्रीमंतांच्या दारोदार फिरला आणि भाड्याची जागा नको, ऑपेराचे स्वतंत्र घर हवे, हे त्याने त्यांना पटवले. चर्च स्ट्रीट आणि लेनर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर इटालियन ऑपेरा हाउस उभे राहिले. केवळ ऑपेरासाठी बांधलेले अमेरिकेतले ते पहिले नाट्यगृह मानतात. १८ नोव्हेंबर १८३३ रोजी रोस्सिनीच्या ‘चोरट्या मॅगपाय’ने ते उघडले. चांदीच्या चमच्याच्या चोरीचा आळ एका मोलकरणीवर येतो आणि खरा चोर पक्षी निघतो, अशी ती कथा आहे. त्या हंगामात ‘न्हावी’ झाला, चिमारोझाचे ‘गुप्त लग्न’ झाले. शहराचा माजी महापौर फिलिप होन रोजनिशी लिहीत असे. त्याने नव्या घराच्या सौंदर्याची वाखाणणी केली, पण न कळणारी भाषा चार तास ऐकणे फार झाले, असेही नोंदवले आणि हे शहर असला खर्च पेलील काय याची शंका घेतली. शिवाय घराची रचनाच अशी, की उत्तम जागा भागधारकांच्या खाजगी बॉक्सांना. राजेशाही झुगारलेल्या लोकांच्या डोळ्यांत ते सलले. गार्सियाच्या वेळी पंचवीस सेंटवाला गॅलरीत बसून रोझिनाला टाळ्या वाजवीत होता. इथे तो परका झाला. दोष केवळ भाषेचा नव्हता, हे दा पोन्तेला शेवटपर्यंत उमगले नाही असे माझे मत आहे. विनोदी ऑपेरा हा न्हाव्या-मोलकरणींचा खेळ. तो त्याने सरदारांच्या स्वाधीन केला.

पहिल्या हंगामात सुमारे तीस हजार डॉलर तोटा आला. दुसऱ्या हंगामात कारभार दुसऱ्यांकडे गेला आणि म्हाताऱ्याला बाजूला सारले. १८३५ मध्ये दारे बंद झाली. इमारत साध्या नाटकांना गेली आणि १८३९ मध्ये जळाली. ती आग त्याला पाहावी लागली नाही. १७ ऑगस्ट १८३८ रोजी, ८९ वर्षांचा होऊन, तो न्यूयॉर्कमध्ये वारला. मरणापूर्वी एक-दोन दिवस आधी त्याने आपल्या डॉक्टरला उद्देशून कविता लिहिली होती, अर्थातच इटालियनमध्ये. क्लेमेंट मूर अखेरच्या यात्रेत होता. अकराव्या रस्त्यावरच्या कॅथलिक दफनभूमीत त्याला पुरले, पण खूण काही ठेवली नाही. तिथल्या अस्थी १९०९ मध्ये क्वीन्समधील कॅल्व्हरी दफनभूमीत एकत्र हलवल्या गेल्या, तेव्हा कोणत्या कुणाच्या हे सांगायला कोणी उरले नव्हते. १९८७ साली तिथे त्याच्या नावाचा दगड बसवला. त्याने लिहिलेले ‘कोसी फान तुत्ते’ तर अमेरिकेत प्रथम झाले ते १९२२ मध्ये, मेट्रोपॉलिटन ऑपेरात. कोलंबियात इटालियनच्या प्राध्यापकपदाला पुढे त्याचे नाव दिले गेले. त्या पदाला पगार आहे.

गेल्या आठवड्यात अभ्यासक्रम बाजूला ठेवून मी लेपोरेल्लोची वही वर्गात मराठीत सांगितली. पाऊस नव्हता, सातही हजर होते. स्पेनच्या आकड्याला सहाजण हसले. सातव्याने एकूण बेरीज विचारली. फळ्यावर करून दाखवली: २०६५.